रानफुलाचं मराठी नाव कळलं, आता शास्त्रीय नाव कसं पक्कं करायचं?

पावसाळा लागला की रानफुलांचे फोटो येऊ लागतात, त्याखाली नावं येतात आणि त्यातली बरीच चुकलेली असतात. चूक बहुतेक वेळा एकाच वळणावर होते. कुणीतरी मराठी नाव सांगतं, ते मोबाइलवर शोधलं जातं, पहिल्या निकालात दिसलेलं लॅटिन नाव उचललं जातं आणि फोटोखाली लावलं जातं. या सगळ्यात झाडाकडे कुणी धड पाहिलेलंच नसतं.

शास्त्रीय नाव झाडावरून काढायचं असतं, मराठी नावावरून नाही. मराठी नाव शोधाला दिशा देतं, तेवढंच त्याचं काम. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. क्रम मोडलात, विशेषतः चौथा टप्पा दुसऱ्याआधी केलात, तर डोळ्यांना तेच दिसू लागतं जे आधी वाचलेलं असतं.

दोन गोष्टी आधीच सांगतो. या लेखात कूळ, वंश आणि जाती हे शब्द याच उतरत्या क्रमाने वापरले आहेत: कुळात वंश, वंशात जाती. वर्तमानपत्रात जातीला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात आणि काही पुस्तकांत तोच शब्द वंशासाठी असतो, म्हणून तो इथे टाळला आहे. दुसरं, वाचायला सोपं जावं म्हणून शास्त्रीय नावं देवनागरीत दिली आहेत. तुमच्या वहीत मात्र ती रोमन लिपीतच लिहा. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

## तयारी

सामान थोडं लागतं, पण ते खिशात असलं पाहिजे. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पट्टी, वही आणि पेन्सिल. शाईचं पेन पावसात दगा देतं. मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे फोटोबरोबर जागा आपोआप नोंदली जाते.

भिंग कसं धरायचं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं. हात लांब करून भिंग फुलावर धरलं तर काही दिसत नाही, मग ‘भिंगाचा उपयोग नाही’ असं ठरवून ते कपाटात जातं.

सामानापेक्षा शब्दांची तयारी महत्त्वाची. पान साधं की संयुक्त, पानं समोरासमोर की एकाआड एक, निदलं म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं हिरवं वेटोळं, छद म्हणजे फुलाच्या देठाशी असणारं पानासारखं अंग, पुंकेसर आणि स्त्रीकेसर कुठले, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली. एवढं जास्वंदीच्या एका फुलावर आणि एखाद्या शेंगवर्गीय झाडावर घरीच तपासून घ्या. ओळख-किल्ली, म्हणजे लक्षणांच्या पायऱ्यांनी नावापर्यंत नेणारी यादी, वापरताना लोक अडतात ते याच शब्दांपाशी.

सावधान: निरीक्षणासाठी फूल तोडायची गरज सहसा पडत नाही. राखीव क्षेत्रात आणि कास पठारासारख्या ठिकाणी तर तोडूच नका, पायवाट सोडून फुलांत शिरूही नका. नमुना गोळा करायचाच असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.

## टप्पा १: स्थानिक नाव जसं ऐकलं तसं टिपा

गावातल्या माणसाला विचारताना प्रश्न कसा टाकता यावर उत्तर ठरतं. ‘मामा, ही कळलावीच ना?’ असं विचारलंत तर समोरचा मान डोलावतो. पाहुण्याला कशाला नाही म्हणा! ‘मामा, ह्याला तुमच्याकडं काय म्हणत्यात?’ असं विचारा आणि गप्प राहा. पुढचा प्रश्न त्याहून कामाचा: ‘ह्याच नावाचं दुसरं काही उगवतं का इथं?’ नाव एक आणि झाडं दोन असतील तर ते जागच्या जागी कळतं.

उच्चार दुरुस्त करू नका. माणूस जे म्हणाला तेच लिहा. गाव आणि तालुका लिहा, आणि हे नाव पान-भाजी-औषध अशा कशाच्या संदर्भात सांगितलं तेही लिहा. नाशिककडचं नाव सिंधुदुर्गात दुसऱ्याच झाडाला असू शकतं, आणि गावाशिवाय टिपलेल्या नावाचा पुढे काही उपयोग होत नाही.

नावातल्या जोडशब्दांवर फार भरवसा ठेवू नका. ‘रान’, ‘भुई’, ‘पांढरी’, ‘काळी’, ‘खोटा’ हे शब्द फक्त साम्य सांगतात, नातं सांगत नाहीत. सफेद मुसळी ही क्लोरोफायटम वंशातली, तर काळी मुसळी म्हणजे कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. वंशच काय, कूळही वेगळं. गाजर गवत हे तर गाजरही नाही आणि गवतही नाही. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं.

चाफ्याचं पाहा. सोनचाफा मॅग्नोलिया चंपाका, पांढरा चाफा प्लुमेरिया, नागचाफा मेसुआ फेरिया, हिरवा चाफा आर्टाबोट्रिस, भुईचाफा केम्फेरिया रोटुंडा. पाच चाफे, पाच वंश आणि कुळंही पाच. ‘चाफा’ एवढंच टिपून घरी आलात तर हाती काहीच नाही.

सावधान: एका नावाची दोन झाडं हा प्रकार जिवावरही बेतू शकतो. बचनाग हे नाव हिमालयातल्या अत्यंत विषारी अ‍ॅकोनिटमला आहे आणि आपल्याकडे कळलावीलाही, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बालाही, काही भागांत बचनागच म्हणतात. तीही विषारी, तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ब्राह्मी म्हणून बकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका अशा दोन वेगळ्या वनस्पती दिल्या-घेतल्या जातात. शंखपुष्पीच्या नावावर तर तीन-चार वंश आहेत. नुसत्या नावावर विसंबून कुठलीही वनस्पती पोटात घेऊ नका.

## टप्पा २: झाड पाहा आणि लांबून जवळ असे फोटो काढा

बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एका फुलाचे वीस फोटो असतात, सगळे समोरून. ओळख पटवायला ते वीस मिळून एकाच फोटोएवढे. त्याऐवजी या क्रमाने जा:

1. जागा: खडक, गवताळ पठार, पाणथळ, जंगलातली सावली, शेताचा बांध.
2. पूर्ण झाड, शेजारी पट्टी किंवा हात ठेवून, म्हणजे उंचीचा अंदाज येईल.
3. खोड आणि पानं जिथे जुळतात तो भाग. पानं समोरासमोर आहेत की नाहीत हे इथेच कळतं.
4. पान वरून, मग उलटं करून खालून.
5. फुलोरा, म्हणजे फुलांची मांडणी.
6. एक फूल समोरून, बाजूने आणि मागून.
7. कळी आणि फळ. कोवळं, पिकलेलं, वाळलेलं, जे सापडेल ते.

सहाव्यातला ‘मागून’ हा फोटो कुणी काढत नाही आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं. निदलं किती, ती केसाळ आहेत का, त्यांच्याही बाहेर आणखी एक वेटोळं आहे का, हे समोरून दिसतच नाही.

फोटोत न येणाऱ्या गोष्टी वहीत लिहा: वास, पान चुरडल्यावरचा वास, खोड बोटांत फिरवल्यावर गोल लागतं की चौकोनी, पान खरखरीत की मऊ, चीक येतो का आणि कोणत्या रंगाचा. निवडुंगाचं उदाहरण घ्या. आपण काटेरी, मांसल दिसणाऱ्या सगळ्यालाच निवडुंग म्हणतो. त्यातला फड्या निवडुंग ओपन्शिया, म्हणजे खरा कॅक्टस. त्याचे काटे गादीसारख्या छोट्या ठिपक्यांतून निघतात आणि त्याला पांढरा दुधी चीक नसतो. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया. त्याला भळाभळा पांढरा चीक येतो आणि काटे जोडीने असतात. एवढ्या दोन नोंदींनी कुळं वेगळी होतात.

सावधान: युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. रुईचाही तसाच. चीक तपासलात तर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. चव घेऊन ओळखायचा मोह तर कायमचा सोडा.

तपासा: निघण्याआधी त्याच परिसरातली आणखी चार-पाच झाडं पाहा. तुम्ही पाहिलेलं झाड खुरटलेलं, चरलेलं किंवा सावलीत लांबट झालेलं असू शकतं. पाकळ्या पाच की सहा हे एकाच फुलावर मोजून ठरवू नका.

## टप्पा ३: आधी कूळ ठरवा

जातीवर थेट उडी मारू नका. कूळ बरोबर आलं की उरलेलं काम खूप कमी होतं, आणि कूळ चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. रानफुलं पाहणाऱ्याने सुरुवातीला सात-आठ कुळं पक्की केली तरी पुरतं.

झेंडूच्या कुळात, अ‍ॅस्टरेसीत, आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. सोनकी, एकदांडी, माका सगळी इथली. तुळशीच्या कुळात खोड बहुधा चौकोनी, पानं समोरासमोर आणि फूल दोन ओठांचं. कारवीच्या कुळातही पानं समोरासमोर आणि फूल बरेचदा ओठांचं असतं, त्यामुळे या दोन कुळांत गल्लत ठरलेलीच. ती फळ पाहून सुटते. तुळशीत चार छोटी बीजं निदलांच्या तळाशी बसलेली असतात, तर कारवीच्या कुळात बोंड असतं आणि ते वाळल्यावर तडकून बिया उडवतं. जास्वंदीच्या कुळातल्या रानफुलांत पुंकेसर जुळून एक नळी होते आणि तिच्यातून स्त्रीकेसर वर येतो. आमरीत, म्हणजे ऑर्किडमध्ये, एक पाकळी ओठासारखी वेगळी असते आणि पुंकेसर-स्त्रीकेसर मिळून एकच खांब झालेला असतो.

जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी एक नोंद. आठ कुळांना दोन-दोन नावं आहेत आणि नियमाने दोन्ही चालतात: कंपॉझिटी म्हणजेच अ‍ॅस्टरेसी, लेग्युमिनोसी म्हणजे फॅबेसी, ग्रॅमिनी म्हणजे पोएसी, लॅबिएटी म्हणजे लॅमिएसी, अंबेलिफेरी म्हणजे एपिएसी, क्रुसिफेरी म्हणजे ब्रासिकेसी, पामी म्हणजे अ‍ॅरेकेसी आणि गटिफेरी म्हणजे क्लुसिएसी. ही वेगळी कुळं समजून दोन नोंदी करू नका. अ‍ॅस्क्लेपिएडेसीचं प्रकरण निराळं: रुई आणि कंदिलपुष्पांचं हे जुनं कूळ आता कण्हेरीच्या कुळात, अ‍ॅपोसायनेसीत, विलीन झालं आहे.

## टप्पा ४: आता मराठी नाव काढा, पण यादीसाठी

मराठी नाव शोधायची वेळ आत्ता आली. शोधताना एक उत्तर मागायचं नाही. या नावाने ओळखली जाणारी जितकी झाडं सापडतील तितकी सगळी लिहून काढायची, मग त्यातली तुमच्या कुळाबाहेरची खोडायची.

‘पिवळा धोतरा’ घ्या. नावावरून धोतऱ्याचा, म्हणजे डाट्युराचा, पिवळा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात ते आर्जेमोन मेक्सिकाना, अफूच्या कुळातलं, काटेरी पानांचं, तोडल्यावर पिवळा चीक येणारं. तिसऱ्या टप्प्यात कूळ ठरवलं असेल तर डाट्युरा लगेच यादीतून जातो. ठरवलं नसेल तर तुम्ही डाट्युराच्या जाती धुंडाळत बसता.

एका नावात अनेक झाडं, तसंच एका झाडाला अनेक नावं. ग्लोरिओसा सुपर्बा हे एकच झाड कळलावी, खड्यानाग, अग्निशिखा अशा नावांनी टिपलेलं सापडतं. म्हणून शोध एका नावावर थांबवू नका.

आणखी एक चकवा लॅटिनमधलाच. काटेसावर म्हणजे बॉम्बॅक्स सीबा, पांढरी सावर म्हणजे सीबा पेंटान्ड्रा आणि सोनसावर म्हणजे कॉक्लोस्पर्मम रिलिजिओसम. पहिल्यात ‘सीबा’ हे जातीचं नाव आहे, दुसऱ्यात वंशाचं. अर्धंच नाव शोधलं की माहिती एकीची आणि फोटो दुसरीचा असा गोंधळ होतो. नाव नेहमी दोन्ही शब्दांनिशी शोधा.

मोबाइलमधली फोटो ओळखणारी अ‍ॅप्स याच टप्प्यावर वापरायची. ती साम्य दाखवतात, म्हणून यादीत भर घालायला उत्तम. निकाल द्यायला नाही. परदेशातल्या बागेतलं झाड सुचवलं तर चिडू नका. यादीतून खोडा आणि पुढे व्हा.

## टप्पा ५: एकेक उमेदवार बाद करा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो आणि तो खाऊ द्यावा. इथे आपल्याला एखादं नाव ‘जुळवायचं’ नसतं, उमेदवार बाद करायचे असतात. जुळवायला बसलं की प्रत्येक झाड जुळतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. पावसाळा सरताना डोंगरउतारावर एक उंच, केसाळ झाड दिसलं. मोठं पिवळं फूल, मधोमध गडद तांबडा डोळा. गुराख्याने नाव सांगितलं ‘रानभेंडी’. पुंकेसरांची नळी आहे, म्हणजे जास्वंदीचं कूळ. इथवर सरळ.

यादी काढली तर रानभेंडी या नावाखाली निदान दोन वंश येतात. एक थेस्पेसिया लाम्पास आणि दुसरी एबेलमोस्कस मॅनिहॉट, म्हणजे भाजीच्या भेंडीची सख्खी नातेवाईक. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की वाद घालत बसावं. आता दुसऱ्या टप्प्यातले बाकीचे फोटो काढा.

स्त्रीकेसराचं टोक पाहा. एबेलमोस्कसमध्ये ते पाच फांद्यांत विभागलेलं असतं, प्रत्येक फांदीला गोंड्यासारखं टोक. थेस्पेसियात ते अखंड, गदेसारखं जाड होत गेलेलं असतं. भिंगातून हे एका नजरेत दिसतं.

मग फूल मागून पाहा. एबेलमोस्कसचा निदलांचा कोश एका बाजूने फाटतो आणि पाकळ्या गळताना त्यांच्याबरोबरच गळून जातो. त्यामुळे फळाच्या बुडाशी निदलं उरत नाहीत. थेस्पेसियाचा कोश पेल्यासारखा असतो, त्याला पाच अणकुचीदार दाते असतात आणि फळ धरल्यावरही तो तिथेच राहतो. फळही वेगळं: एकीची केसाळ, कंगोरेदार, लांबट भेंडी, दुसरीचं अंड्याच्या आकाराचं टणक बोंड.

समजा, आपल्या झाडाला पाच फांद्यांचा स्त्रीकेसर आहे आणि फळाशी निदलं नाहीत. थेस्पेसिया बाद. म्हणून लगेच ‘एबेलमोस्कस मॅनिहॉट’ लिहायचं का? अजून नाही. आत्ता फक्त वंश ठरला. रानात एबेलमोस्कसच्या आणखी जाती वाढतात. कस्तुरी भेंडी, म्हणजे एबेलमोस्कस मॉस्कॅटस, हिलाही पिवळं फूल आणि गडद डोळा असतो. तिच्या निदलांबाहेरचं वेटोळं सहा ते दहा अरुंद, रेषेसारख्या तुकड्यांचं असतं, तर मॅनिहॉटमध्ये ते साधारण चार-पाच रुंद तुकड्यांचं. हे तुकडे मोजणारा फोटो नसेल तर वंशावर थांबायचं, जातीचा अंदाज बांधायचा नाही.

एखाद्या विभागाच्या वनस्पतिसूचीतली ओळख-किल्ली हेच काम शिस्तीत करवून घेते. प्रत्येक पायरीवर दोन विधानं असतात, एक निवडायचं आणि पुढे जायचं. किल्ली वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो. विधानाचा पहिला भाग जुळला की लोक उरलेला वाचत नाहीत. जे अंग पाहिलंच नाही त्याचं उत्तर अंदाजाने देतात. आणि शेवटी आलेलं नाव वर्णनाशी ताडून पाहत नाहीत. उत्तर माहीत नसेल तर दोन्ही वाटांनी जाऊन पाहा. चुकीची वाट सहसा दोन-तीन पायऱ्यांतच विचित्र होते. ‘झाड वीस मीटर उंच’ वगैरे.

तपासा: नाव ठरल्यावर त्या जातीचं संपूर्ण वर्णन वाचा आणि निदान एक तरी न जुळणारी गोष्ट शोधायचा प्रयत्न करा. मग प्रदेश पाहा. ही जात सह्याद्रीत, या उंचीवर नोंदलेली आहे का? फुलण्याचा महिना जुळतो का? प्रदेश जुळत नसेल तर ‘नवीन नोंद सापडली’ असं मानण्याआधी पाचवा टप्पा पुन्हा करा.

## टप्पा ६: नाव आजचं आहे की जुनं, ते पाहा

झाड बरोबर ओळखलं तरी हातात आलेलं नाव जुनं असू शकतं. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ दरम्यान निघाली. आपल्या भागासाठी ती आजही उघडावी लागते, पण तिच्यातली बरीच नावं आता बदलली आहेत. नेहमी भेटणारी काही:

- आसुपालव किंवा खोटा अशोक: पॉलिअल्थिया लाँगिफोलिया → मोनून लाँगिफोलियम
- बाभूळ: अकेशिया निलोटिका → व्हाचेलिया निलोटिका
- खैर: अकेशिया कॅटेचू → सेनेगालिया कॅटेचू
- सोनचाफा: मिचेलिया चंपाका → मॅग्नोलिया चंपाका
- टाकळा: कॅसिया टोरा → सेना टोरा
- भारंगी: क्लेरोडेंड्रम सेरॅटम → रोथेका सेराटा
- बिट्टी, पिवळी कण्हेर: थेवेशिया पेरुव्हियाना → कॅस्काबेला थेवेशिया

तपासायला लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाचं ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ सोयीचं. नाव टाकलं की ते स्वीकृत आहे की समानार्थी, आणि समानार्थी असेल तर आजचं कोणतं, हे तिथे दिसतं. ‘आयपीएनआय’ या सूचीत नाव कुणी, कधी, कुठे प्रसिद्ध केलं ते कळतं, पण स्वीकृत कोणतं याचा निवाडा ती देत नाही. तिथे नाव सापडलं म्हणून ते चालू आहे असं धरणं ही नेहमीची चूक. ‘द प्लँट लिस्ट’ ही एकेकाळी सगळे वापरत ती यादी २०१३ नंतर अद्ययावत झालेली नाही. तिचा हवाला देऊ नका.

सगळी संकेतस्थळं सहमत असतीलच असं नाही. मघाची थेस्पेसिया लाम्पास काही अभ्यासक अझान्झा या वंशात घालतात. अशा वेळी एक आधार निवडा, सगळ्या नोंदींसाठी तोच पाळा आणि दुसरं नाव शेजारी लिहून ठेवा.

जुनं नाव फेकू नका. जुने लेख, हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या, शीट आणि औषधांवरची पुस्तकं त्याच नावाने सापडतात. भारंगीवर काही शोधायचं असेल तर ‘क्लेरोडेंड्रम’ टाकल्याशिवाय अर्धं साहित्य हातीच लागणार नाही.

सावधान: वंश बदलला की जातीच्या नावाचा शेवटही बदलू शकतो, कारण त्याला वंशाचं लिंग पाळावं लागतं. लाँगिफोलियाचं लाँगिफोलियम झालं ते म्हणूनच. जुनं शेपूट नव्या वंशाला जोडून ‘मोनून लाँगिफोलिया’ लिहिलेल्या पाट्या बागांतून दिसतात. त्या चूक आहेत. अंदाजाने शेवट बदलणंही तितकंच घातक, उगमाकडे पाहून जसाच्या तसा घ्या.

## टप्पा ७: नाव नीट लिहा

रोमन लिपीत वंशाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं सगळं नाव लहान अक्षरांत, मग ते गावावरून आलेलं असो की माणसावरून. सफेद मुसळीचं बोरिविलियानम हे बोरिवलीवरून आलं आहे, तरी पहिलं अक्षर लहानच. छापताना दोन्ही शब्द तिरपे, हाताने लिहिताना प्रत्येक शब्दाखाली वेगळी रेघ. कुळाचं नाव तिरपं करायची गरज नाही.

स्पेलिंग घोकू नका, नक्कल करा. वडाच्या आणि केन्याच्या नावातल्या ‘बेंघालेन्सिस’मध्ये जी नंतर एच आहे, तो गाळलेली नोंद शोधात सापडत नाही.

नावापुढे येतं ते नाव देणाऱ्याचं संक्षिप्त रूप. एल म्हणजे लिनियस, एल एफ म्हणजे त्याचा मुलगा. शेवटचा एफ गाळू नका. कंसातलं नाव म्हणजे ज्याने ती जाती प्रथम दुसऱ्या वंशात किंवा दर्जात वर्णिली तो, कंसाबाहेरचा म्हणजे ज्याने ती आजच्या जागी आणली तो. थेस्पेसिया लाम्पासपुढे कंसात काव्हानिलेस आणि बाहेर डाल्झेल असतात, कारण काव्हानिलेसने तिला हिबिस्कस म्हटलं होतं. कंस हौसेने घालू किंवा काढू नका, त्याने अर्थ बदलतो.

देवनागरीत लिहिताना अडचण अशी की लहान-मोठं अक्षर नाही आणि उच्चार प्रत्येकाचा वेगळा. फायकस, फिकस, फाइकस, तीनही दिसतात. देवनागरी नावावरून रोमन स्पेलिंग पुन्हा उभं करता येत नाही. म्हणून लेख मराठी असला तरी मूळ नोंदीत रोमन नाव हवंच, देवनागरी रूप वाचकाच्या सोयीसाठी.

## टप्पा ८: खात्री किती, तेही नोंदवा

अपुरी ओळख प्रामाणिकपणे लिहायची सोय नावपद्धतीत आहे आणि ती वापरायला लाजू नका. वंश कळला पण जाती नाही, तर वंशाच्या नावापुढे एसपी लिहा. एका जातीशी जुळतं पण पडताळायचं आहे, तर दोन शब्दांच्या मध्ये सीएफ. जवळचं आहे पण वेगळं वाटतं, तर एएफएफ. हे तीनही शब्द तिरपे करायचे नाहीत. कंदिलपुष्पांच्या फोटोखाली धडधडीत जातीचं नाव ठोकण्यापेक्षा ‘सेरोपेजिया एसपी’ लिहिणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

एका नोंदीत एवढं असू द्या: शास्त्रीय नाव आणि नाव देणाऱ्याचं संक्षिप्त रूप, कूळ, खात्रीची पातळी, ऐकलेलं मराठी नाव गावासह, तारीख, ठिकाण, अंदाजे उंची, अधिवास, फोटोंचे क्रमांक, आणि कोणत्या लक्षणांवरून ओळखलं ते. ही शेवटची ओळ जवळपास कुणी लिहीत नाही. ‘स्त्रीकेसर पाच फांद्यांचा, फळाशी निदलं नाहीत’ एवढे सहा शब्द लिहिलेत तर दुसरा माणूस तुमची ओळख तपासू शकतो. नाहीतर त्याला तुमच्यावर विश्वास ठेवणं किंवा न ठेवणं एवढंच उरतं.

दुर्मिळ आमरी किंवा कंदिलपुष्प असेल तर सार्वजनिक ठिकाणी नेमकी जागा टाकू नका, तालुका पुरे. कंद उपटून नेणारेही फोटो पाहतात.

कुणी ओळख दुरुस्त केली तर जुनं नाव खोडू नका. हर्बेरियममध्ये जुनी चिठ्ठी शीटवर तशीच ठेवतात आणि शेजारी नवी चिकटवतात: नवं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. वहीतही तसंच करा, आणि नाव कशावरून बदललं ते एका ओळीत लिहा.